मायक्रोफिल्मचा डबा उघडताच आंबट वास आला तर

मायक्रोफिल्म म्हणजे जुन्या नोंदींची अगदी बारीक छायाचित्रं असलेली फिल्म; तिचा पाया अ‍ॅसिटेट किंवा पॉलिएस्टर या प्लास्टिकचा असतो. व्हिनेगरसारखा वास म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली. जवळून हुंगू नका, वाफ डोळ्यांना झोंबते. शंका असेल तर रीळ उजेडासमोर धरून कडेने बघा: उजेड आरपार आला तर पॉलिएस्टर, नाहीतर अ‍ॅसिटेट.

कडा लाटांसारख्या वळल्या असतील, पांढरी भुकटी दिसत असेल, तर रीडरवर, म्हणजे फिल्म मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवूच नका. मी एकदा चढवली. इमल्शनचा, म्हणजे प्रतिमा असलेल्या थराचा, पापुद्रा काचेला चिकटून आला आणि त्या चौकटीतल्या नोंदी कायमच्या गेल्या. अजून चुटपुट लागते.

रबरबँड असतील तर काढा, त्यातल्या गंधकाने प्रतिमेतली चांदी डागाळते. आजारी रिळं हवेशीर जागी वेगळी ठेवा. आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. निळी ए-डी पट्टी (आम्लाने रंग बदलणारी कागदी पट्टी) रिळासोबत बंद डब्यात दिवसभर ठेवा. पिवळी पडली, तर ते रीळ स्कॅनिंगला सगळ्यात आधी पाठवा.