वस्तुसंग्रहालयात शिलालेख असा वाचा

मुंबईत काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन जाणार असाल, तर सगळी दालनं एका दिवसात उरकू नका. आत शिरल्यावर मधल्या दालनातली कोरीव लाकडी महिरप आधी बघा. ती नाशिककडच्या एका जुन्या वाड्यातून आणून इथे बसवली आहे.

मग सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेख कुठे आहे ते विचारून थेट तिथे जा. सोपारा म्हणजे आपल्या विरार लोकलवरचंच नालासोपारा! हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उजेडात आणला. समोर उभं राहिलं की दगड नुसता खडबडीत दिसतो. एका बाजूला सरका, थोडं वाका आणि तिरकं बघा. खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. ब्राह्मीतला ‘क’ हुबेहूब अधिकच्या चिन्हासारखा असतो, तो मुलांना शोधायला लावा. एक सापडला की ती पुढचा शोधतातच. हात मात्र लावू द्यायचा नाही, आणि फोटो काढलाच तर फ्लॅश बंद ठेवून.

चर्चगेटहून चालत जाता येतं.