सिलिअ‍ॅक निघालंय? आधी पिठाची चाळण बदला

सिलिअ‍ॅकचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो, "मग आता खायचं काय?" खरं तर मराठी घराला हा प्रश्न इतका अवघड जाऊ नये. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळं, यांतल्या कशातच मुळात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं चिकट प्रथिन, नसतं. गाडी अडते ती दुसरीकडे: गिरणीत, हिंगाच्या डबीत, पिठाच्या चाळणीत आणि "एवढ्याशाने काय होतंय" म्हणणाऱ्या मावशीपाशी. म्हणून इथे पाककृती कमी आणि पिठाच्या धुरळ्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

आजार थोडक्यात असा. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. त्या अस्तरावर टॉवेलच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब आणि पोटफुगी होते, कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नाही, मुलांची उंची खुंटते. पोटाची काहीच तक्रार नसलेले रुग्णही पुष्कळ असतात. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी आहे.

१. तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी सोडू नका

संशय आला की लोक आधी गहू बंद करतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. हे उलटं आहे. टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्हींत आजार दिसायला पोटात गहू जात असावा लागतो. महिनाभर गहू सोडून तपासणी केली तर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो, आणि मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा काही आठवडे गहू खायची वेळ येते. टीटीजीबरोबर एकूण आयजीए, म्हणजे शरीरातली एक प्रकारची प्रतिपिंडं, हेही मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, मग टीटीजीचा आकडा फसवतो. मुलांमध्ये टीटीजी नेहमीच्या मर्यादेच्या १० पटींहून जास्त असेल तर आणखी एका रक्तचाचणीच्या आधारे दुर्बिणीशिवायही निदान करता येतं, पण तो निर्णय पोटविकारतज्ज्ञांचा.

२. छुपा गहू ओळखा

कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, बिस्किटं, नूडल्स हे कुणालाही कळतं. चुकायला होतं ते पुढच्या नावांपाशी.

खपली गहू पचायला हलका म्हणून सध्या फार कौतुकाने विकला जातो. तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिअ‍ॅकला तो चालत नाही. बन्सी रव्याचंही तेच. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं असतं. मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालायची रीत आहे, आणि आजारी माणसाला मऊ भात-मेतकूट देणं हा तर आपल्याकडचा पहिला उपाय. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो; चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, तरी विचारून घ्या. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींत जव असतो, काहींत गहूही. सोया सॉसमध्ये गहू, बिअरमध्ये जव. ओट्समध्ये स्वतःचं ग्लुटेन नसलं तरी बाजारातल्या साध्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ ठरलेली. पहिलं वर्षभर तिकडे न गेलेलंच बरं.

आणि हिंग. आपण वापरतो तो बांधानी हिंग. त्यात मूळ हिंगाचा चीक थोडा आणि डिंक व पीठ जास्त. हे पीठ बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक असते. खडा दिसला म्हणजे शुद्ध हिंग, असंही नाही. बांधानी हिंगाचेही खडे मिळतात. तांदळाचं पीठ वापरलेला आणि डबीवर स्पष्ट 'ग्लुटेन फ्री' लिहिलेला हिंग शोधा, नाहीतर फोडणीत लसूण आणि जिऱ्यावर भागवा. घरचा हिंग बदलला म्हणजे झालं, असंही समजू नका. लोणचं, उडदाचे पापड, गोडा मसाला, ताकाचा मसाला, फरसाण, साधं वरण, सगळीकडे तोच असतो. जुनी लोणच्याची बरणी बाकीच्यांसाठी ठेवा आणि नव्या हिंगात छोटी बरणी वेगळी घाला.

३. गिरणीचा प्रश्न सोडवा

घरात ज्वारी-बाजरी खाऊनही टीटीजी खाली येत नसेल तर मी आधी गिरणीकडे बोट दाखवीन. दळण संपलं तरी जात्याच्या दगडांत आणि पीठ खाली उतरतं त्या कापडी पिशवीत आधीचं पीठ राहतंच. तुमच्या आधी कुणाचा पाच किलो गहू दळला असेल, तर तुमच्या ज्वारीच्या डब्यात पहिलं पीठ पडतं ते त्याचं.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे नवी घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीच नाही. घरच्यांना पोळ्या हव्या असतील तर गव्हाचं दळण बाहेर जाऊ दे. आजवर गहू दळलेली जुनी घरघंटी झाडून-पुसून वापरू नका, दगडातलं पीठ पूर्ण निघत नाही. घरघंटी परवडत नसेल तर ज्या गिरणीत तांदूळ-ज्वारीसाठी खरोखरच वेगळं जातं आहे ती शोधा. खरोखरच म्हणजे उभं राहून बघायचं. काही गिरणीवाले एकादशी किंवा नवरात्राच्या आधी जातं साफ करून उपवासाचं दळण काढतात. त्या वेळी आपलं दळण नेणं नेहमीपेक्षा बरं, पण त्याला पक्की खात्री म्हणता येणार नाही. एका माणसापुरतं पीठ मिक्सरच्या कोरड्या भांड्यात दळून बारीक चाळून घेतलं तरी भागतं. तांदूळ आणि नाचणीचं छान होतं, ज्वारीचं जरा भरभरीत राहतं.

दळणाआधी धान्य निवडा. दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. ताटात पसरून, निवडून, धुऊन, कडक वाळवून मगच दळा.

४. स्वयंपाकघराची वाटणी करा

पिठाची चाळण सगळ्यात आधी बदला. तिच्या जाळीत आणि कडेच्या खाचेत वर्षानुवर्षांची कणीक बसलेली असते, आणि ती धुऊन जात नाही. त्यानंतर लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, तवा आणि टोस्टर. स्टीलची भांडी घासून वापरायला हरकत नाही.

घर लहान असेल तर वेगळा ओटा कुठून आणणार? मग वेळ वेगळी ठेवा. सिलिअ‍ॅकवाल्याचं जेवण आधी करून, झाकून बाजूला ठेवायचं; कणीक त्यानंतर मळायची. भाकरी थापताना परातीत भुरभुरायला शेजारच्या डब्यातली कणीक घ्यायची सवय मोडा. पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळायचे नाहीत. तूप, लोणी आणि जॅमची बाटली वेगळी. पोळीचा कण लागलेला चमचा त्यात गेला की बाटली बाद. मुलांना खेळायला आणतात त्या मऊ रंगीत पिठातही बऱ्याचदा गहू असतो, आणि लहान मुलांची बोटं तोंडातच असतात.

५. भाकरीवर हात बसवा

कणकेला ताण येतो तो ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नसल्याने पाणी गरम लागतं आणि पीठ ताजं लागतं. पीठ जुनं झालं, त्याची विरी म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा गेला, की कितीही मळा, कडेला चिरा पडणारच. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाजरीचं तर त्याहून कमी, ते लवकर कडू होतं.

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या. त्यात आधणाचं पाणी घालून चमच्याने कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळा. गोळा लोण्यासारखा मऊ झाला पाहिजे, आणि घाई होते ती इथेच. परातीत ज्वारीचंच पीठ भुरभुरून थापा. तापलेल्या तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. सुकू दिलंत तर भेगा पडतात. पाणी लावलेली बाजू तव्यावर नीट भाजून झाली की दुसरी बाजू आचेवर धरा, पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

थापायला जमत नसेल तर तांदळाच्या किंवा नाचणीच्या पिठाची उकड काढून प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटा. डब्यात न्यायच्या भाकरीच्या पिठात वाटीला चमचाभर इसबगोल मिसळला की ती दुपारपर्यंत मोडत नाही. घावणे, आंबोळ्या आणि धिरडी तर आहेतच. विकतच्या ग्लुटेन फ्री बिस्किटांवर आणि पावावर मात्र भिस्त ठेवू नका. महाग असतात आणि बहुतेकांत स्टार्च, साखर नि तेलच असतं. तीन वेळा भात आणि साबुदाणा खाऊन राहणारेही भेटतात, त्यांचं वजन वाढतं आणि पोट साफ होत नाही. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, तेव्हा ती रोजच्या खाण्यात आणा.

६. पाकीट वाचून घ्या

भारतात पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असावं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. 'गहू नाही' आणि 'ग्लुटेन नाही' यांत फरक आहे, कारण जव असू शकतो. घटकांच्या यादीखाली अ‍ॅलर्जीची ओळ असते, ती आधी वाचा. नेहमीचं पाकीटही दर वेळी वाचा. कंपन्या घटक बदलतात आणि वेष्टण तेच ठेवतात. औषधाच्या गोळीत कसला स्टार्च आहे, तेही केमिस्टला विचारा.

बाहेर खाताना कढई बघा. बटाटेवड्याच्या बेसनात गहू नसला तरी त्याच तेलात समोसे तळलेले असतात. इडली बरी, सांबारात हिंग. रवा डोसा नको, साधा डोसा चालेल, पण आधी तव्यावर काय झालं ते बघून.

७. नातेवाईक, लग्नं, प्रसाद

"एवढ्याशाने काय होतंय" याला उत्तर तयार ठेवा. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सहसा बाधत नाही असं मानतात. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एकच. शिवाय खाल्ल्यावर काही झालं नाही म्हणून आतड्याला इजा झाली नाही, असं नसतं.

तरीही कुणी याला नवं फॅड म्हणालं तर विलेम-कारेल डिके यांची गोष्ट सांगा. हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि सगळी मुलं खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली. गव्हावरचा संशय त्यांना आधीपासून होता. त्यावरचा प्रबंध १९५०चा.

सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हणताना लोकांना ओशाळल्यासारखं होतं. यजमानांना आदल्या दिवशीच फोन करून सांगा, केळं आणि तीर्थ घ्या. स्वतःच्या घरी पूजा असेल तर तांदळाच्या रव्याचा शिरा करा. वसई-गोव्याकडच्या ख्रिस्ती घरांत प्रश्न कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी घ्यायच्या पवित्र चकतीचा. तिथली चकती गव्हाचीच लागते. पूर्ण ग्लुटेनविरहित चकती कॅथलिक चर्चला मान्य नाही, २०१७ मध्ये व्हॅटिकनने ते पुन्हा स्पष्ट केलं. पण अत्यल्प ग्लुटेनच्या चकत्या चालतात, किंवा फक्त द्राक्षारस घेता येतो. धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवावं.

लग्नात घरून जेवून जा. बुफेत पोळ्यांच्या टोपलीशेजारी भाताचं पातेलं असतं आणि डाव इकडचा तिकडे होतो. दिवाळीत मात्र फार अडत नाही: अनारसे, बेसनाचे लाडू, नव्या हिंगातली शेव, चकली. गणपतीत उकडीचे मोदक आहेतच, तळणीचे बाकीच्यांना.

शाळेत बाईंना चिठ्ठी लिहून द्या. वाढदिवसाला केक वाटला जाईल, तेव्हा मुलाच्या दप्तरात त्याच्या आवडीची चिक्की असू द्या.

८. पुन्हा तपासणी

गहू सोडल्यावर काही आठवड्यांत बरं वाटू लागतं, पण आतडं भरून यायला मोठ्या माणसांत वर्ष-दोन वर्षंही लागतात. सुरुवातीला दूध बाधलं तर घाबरू नका, आतडं सुधारलं की ते बहुधा पुन्हा पचू लागतं. सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी टीटीजी करा. सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी१२, फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइडही बघतात. मोठ्यांना हाडांची घनता मोजायला सांगतात. आकडे चांगले आले म्हणून पोळी परत सुरू करायची नाही, हा आजार जन्माचा आहे आणि आज त्यावर गहू सोडण्याशिवाय दुसरा इलाज नाही.

आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही रक्तचाचणी करा, तक्रार नसली तरी. त्यांच्यात साधारण दहात एकाला हा आजार निघतो. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ उरत नाही, म्हणून काही डॉक्टर भावंडांना ही जनुकीय चाचणी सांगतात. ती आयुष्यात एकदाच करावी लागते.