सदोष लाकडाची गिटार करताय? या चुका टाळा

गाठाळ फळी, जुन्या दाराचं लाकूड, बुरशीच्या काळ्या रेघा उमटलेलं मेपल, मोडक्या पॅलेटचा (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचा) ओक, यांतून गिटार होते आणि चांगली वाजते. स्पॅनिश गिटार कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एका गिटारीची बॅक (मागची फळी) आणि साईड (बाजूच्या पट्ट्या) पुठ्ठ्याच्या केल्या होत्या. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टेलर गिटार्स कंपनीचे सहसंस्थापक बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये पॅलेटच्या ओकची गिटार केली आणि खिळ्यांची भोकं लपवायच्या ऐवजी त्यांत ॲल्युमिनियमच्या चकत्या बसवून मिरवली.

नवशिके हेच दोन दाखले देतात आणि पुढे म्हणतात, म्हणजे कुठलंही लाकूड चालतं. नाही चालत. तोरेस यांनी पुठ्ठा वापरला तो बॅक आणि साईडला, टॉप, म्हणजे तारांखालची पुढची फळी, स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाचाच ठेवला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला लँकेस्टर विद्यापीठाचा अभ्यासही याच दिशेने जातो. सहा गिटारी, फरक फक्त बॅक आणि साईडच्या लाकडाचा, वाजवायला ५२ गिटारवादक. लाकूड डोळ्यांना दिसणार नाही अशी व्यवस्था केल्यावर महाग आणि स्वस्त लाकडात त्यांना फारसा फरक जाणवला नाही. तेव्हा बॅक आणि साईडवर हवे तेवढे प्रयोग करा. टॉप, ब्रेस (टॉप आणि बॅकला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या) आणि नेक (मान) यांचं लाकूड मात्र उलटसुलट तपासल्याशिवाय करवत हातात घेऊ नका.

फक्त वरच्या रेषा बघणं

सगळ्यात जास्त गिटारी या चुकीने वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. फळीवर सरळ, बारीक, समांतर रेषा दिसल्या की माणूस खूश होतो. पण त्या रेषा वर्षवलयांच्या. लाकडाचे तंतू कुठे चालले आहेत, हे त्या सांगत नाहीत. तंतू पृष्ठभागाला समांतर न राहता तिरके आत शिरत असतील, तर फळी ३ मिलिमीटरवर आणल्यावर एकही तंतू अखंड उरत नाही, प्रत्येक जण थोडं पुढे जाऊन कापला गेलेला असतो. पीळ घेत वाढलेल्या झाडात आणि जुन्या तुळयांत हे हमखास सापडतं. तुळई कापणाऱ्याने ती छत पेलण्यासाठी कापलेली असते, पातळ फळी काढण्यासाठी नाही.

एका हौशी कारागिराने जुन्या तुळईतल्या स्प्रूसची गिटार माझ्याकडे दुरुस्तीला आणली होती. ब्रिज, म्हणजे टॉपवर चिकटवलेला तारा अडकवायचा लाकडी तुकडा, उखडला होता. त्याचा सगळा राग सरसावर. आधी सरस, मग लाकडाचा पिवळा गोंद, शेवटी इपॉक्सी, आणि दर वेळी ब्रिज सुटलेला. मी ब्रिज उलटा केला. तळाला स्प्रूसचा पापुद्रा चिकटलेला होता, मागच्या कडेला चांगला मिलिमीटरभर जाड. जोड शाबूत होता, फाटलं होतं ते लाकूड. मग गिटार खिडकीपाशी नेली. मधल्या जोडाच्या डावीकडचा अर्धा टॉप उजळ, उजवीकडचा काळपट. गिटार उलट्या टोकाने धरली तर उजळ बाजू काळपट झाली आणि काळपट बाजू उजळली. तिरक्या तंतूंची ही खूण लपत नाही. फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली की एका अर्ध्या भागात तंतूंची टोकं आपल्याकडे येतात आणि दुसऱ्यात आपल्यापासून दूर जातात, म्हणून दोन्हींवरून प्रकाश वेगळा परततो.

स्टीलच्या लाइट (पातळ) तारांचा एकूण ताण ७० किलोंच्या आसपास असतो. तो ब्रिजला पुढे झुकवायला बघतो आणि ब्रिजची मागची कड वर उचलली जाते. तिथे तंतूंची टोकं उघडी असतील तर गोंद जितका पक्का, तितका पापुद्रा जाड निघतो. त्या गिटारीला शेवटी टेलपीस (तारा गिटारीच्या बुडाशी अडकवणारी पट्टी) बसवली, म्हणजे तारा ब्रिजला ओढायच्या ऐवजी खाली दाबू लागल्या. गिटार वाचली, पण ज्या आवाजासाठी त्याने एवढा खटाटोप केला होता तो आवाज काही आला नाही. फळी घेतानाच पाच मिनिटं दिली असती तर ती बॅकला गेली असती, आणि तिथे ती सुरेख दिसली असती.

ती पाच मिनिटं अशी. फळीच्या टोकाचा वाया जाणारा तुकडा मी पटाशी ठोकून फोडतो, करवतीने कापत नाही. करवत आखलेल्या रेघेवर जाते, फाट तंतूंच्या वाटेने जाते. १०० मिलिमीटर लांबीत फाट ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली तर ती फळी माझ्या टॉपला लागत नाही. काहींची मर्यादा याहून सैल आहे. मी माझी बदलणार नाही.

ब्रेसची पट्टीही अशीच फोडून काढा. ब्रेसला सदोष लाकूड वापरायचा मोह तर अजिबात नको. प्रयोग करायची ती जागाच नव्हे.

जुनं म्हणजे वाळलेलं, हा समज

"शंभर वर्षांची तुळई आहे, आता काय वाळायचं राहिलंय?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर देताना आवाज चढतो. लाकूड कितीही जुनं असो, हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. आर्द्रता ४५ टक्के असलेल्या हवेत ते साधारण ८ ते ९ टक्के ओलीवर स्थिरावतं. दमट गोदामातली शतकभर जुनी तुळई त्याहून बरीच ओली असू शकते. शिवाय जाड लाकडात वर्षानुवर्षं कोंडलेला ताण असतो. पातळ फळ्या काढल्या की तो मोकळा होतो आणि काल सपाट असलेली फळी आज पन्हळीसारखी वाकते. तिला दाबून, क्लॅम्प लावून सरळ करणारे खूप आहेत. ती चिकटवण्यापुरती सरळ राहते.

खरा घात होतो तो ब्रेस दमट हवेत चिकटवल्यावर. टॉप आणि बॅक रेषांच्या आडव्या दिशेने आकसतात, ब्रेस लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. कोरडी हवा आली की फळीला आत यायचं असतं आणि ब्रेस तिला येऊ देत नाही. मग चीर पडते. वर्षवलयांना स्पर्शरेषेत कापलेली फळी तर त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीच्या जवळपास दुप्पट आकसते, आणि टाकाऊ लाकडात आपल्या हाती येतं ते बहुधा असंच. म्हणून असं लाकूड वापरताना हवेची शिस्त जास्त पाळायची, कमी नाही.

माझी पद्धत साधी आहे. फळ्या हव्या त्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर जाड काढतो, मध्ये पट्ट्या ठेवून रचतो आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहितो. वजन उतरायचं थांबेपर्यंत फळीला हात लावत नाही. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, पण ग्रॅम दाखवणारा काटा मला जास्त भरवशाचा वाटतो. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ४० ते ५० टक्क्यांच्या बाहेर असेल त्या दिवशी ब्रेस चिकटत नाहीत. यात आठवडे जातात. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी तयार टॉप विकत घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. ओव्हनमध्ये फळी भाजून वेळ वाचवायचे सल्ले फिरत असतात. लाकूड तापवून सुधारण्याची प्रक्रिया खरीच आहे, पण ती ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकलेल्या भट्टीत, तापमान काटेकोर सांभाळून करतात. घरच्या ओव्हनमध्ये हाती येते ती वेडीवाकडी फळी.

नकाशातली जाडी डोळे मिटून उतरवणं

गिटार बांधायच्या नकाशात टॉप २.८ मिलिमीटर लिहिलाय तो विशिष्ट स्प्रूससाठी. तुमच्या हातात पाइन आहे की हेमलॉक, की नावच माहीत नाही? ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी १० टक्के कमी केली की ताठपणा सुमारे २७ टक्के घटतो. फळी दोन टेकूंवर ठेवा, मध्ये ठरावीक वजन ठेवा आणि किती वाकते ते डायल गेजवर (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या काट्यावर) बघा. आपल्याला आवडलेल्या गिटारीच्या टॉपचा आकडा वहीत असेल तर नवी फळी त्या आकड्यापर्यंत आणा, जाडी काय येईल ती येवो. फळीवर टिचकी मारून कान लावणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण कानाला आधी मोजमापाची सवय हवी.

बुरशीचं लाकूड आणि सुपरग्लूचा पूर

काळ्या रेघांचं मेपल दिसायला देखणं असतं, पण ती सुंदर नक्षी म्हणजे कुजण्याचीच एक पायरी आहे. नखाने दाबा. खूण उमटली तर तो भाग मऊ पडला आहे. बॅकला मऊ भाग थोडा असेल तर पातळ सुपरग्लू पाजून घट्ट करता येतो. सगळी फळीच मऊ असेल तर ती सोडून द्या, नाहीतर बाटल्या रिकाम्या होतात आणि हातात काचेसारखी ठिसूळ फळी उरते. सुपरग्लू शेजारच्या स्प्रूसमध्ये झिरपला की पिवळट डाग कायमचा बसतो, म्हणून त्या कडेला आधी शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या. आणि हे लाकूड घासताना चांगला मास्क लावाच. ती धूळ फुप्फुसांना त्रास देते.

गाठ टॉपच्या वरच्या भागात, साउंडहोलपलीकडे (मधल्या गोल भोकापलीकडे), चालते. ब्रिजच्या आसपास नाही. शिसवी जातीची तेलकट लाकडं चिकटवण्याआधी ताजी घासा आणि ॲसिटोनने पुसा. जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवा, मग रंधा. पॅलेटवर एमबी शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडने धुरी दिलेलं लाकूड आहे, घेऊ नका. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते चालतं. लाटांची नक्षी असलेली साईड वाकवताना भिजत घालू नका. जाडी २ मिलिमीटरच्या खाली आणा, पाण्याचा हलका फवारा द्या आणि बाहेरच्या बाजूने स्टीलची पट्टी धरून वाकवा.

पॉलिशची घाई तर सगळ्यांनाच असते. अनोळखी लाकडाच्या गिटारीला आधी कोऱ्या अंगानेच लाइट तारा चढवा आणि पूर्ण सुरात आणून ठेवा. ब्रिजच्या मागचा फुगवटा आणि पुढचा खळगा पट्टी ठेवून रोज मोजा. आकडा वाढत असेल तर तारा उतरवून आतले ब्रेस तपासा, आणि तो स्थिरावेपर्यंत पॉलिशचा डबा उघडू नका.