बोल्ट बसले की गिअरबॉक्स बसला?

जुन्या सीजे-३बी जीपचं पेट्रोल इंजिन काढायचं, महिंद्राचं २,५२३ सीसीचं डीआय डिझेल टाकायचं आणि गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा. गॅरेजला नव्याने लागलेल्या पोरांना हे काम मिळालं की ती आधी इंजिनामागे धावतात. इंजिन मिळतं हो. माउंटिंगही वेल्डिंगवाला करून देतो. काम बिघडतं ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या वीतभर जागेत.

क्लचचं उरकून टाकतो. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेटचा व्यास फ्लायव्हीलप्रमाणे (इंजिनचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, त्याच्या टोकावरची जड चकती) घ्यायचा, पण प्लेटच्या मधल्या हबचे स्प्लाइन, म्हणजे खाचा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टप्रमाणे. एकाच प्लेटमध्ये दोन्ही मिळालं नाही तर क्लचचं काम करणारे हब बदलून रिव्हेट मारून देतात. प्लेट उलटी बसवू नका, हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतात.

आता मला ज्याने रडवलं ते. इंजिनची आणि बेल हाउसिंगची (क्लच झाकणारं, गिअरबॉक्स धरणारं कवच) भोकं जुळत नाहीत म्हणून मध्ये अडॅप्टर प्लेट करावी लागते. सोपा मार्ग असा, की इंजिनच्या पाठीचा पुठ्ठ्यावर छापा घ्यायचा, बेल हाउसिंगचाही घ्यायचा, दोन्ही अंदाजाने एकावर एक ठेवायचे आणि प्लेटला ड्रिल मारायचं. सगळे बोल्ट हाताने फिरत आत जातात. वस्ताद म्हणतो, "बसलं की!" बसलेलं नसतं. बोल्ट आवळायचं काम करतो, जागा धरायचं नाही. भोक बोल्टपेक्षा किंचित मोठंच असतं, त्या फटीत गिअरबॉक्स स्वतःच्या वजनाने खाली येतो. जागा धरतात त्या भोकात घट्ट बसणाऱ्या डॉवेल पिना. आणि छाप्यावरून केलेल्या प्लेटमध्ये क्रँकचं केंद्र कुठे आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

गाडी चालते, हाच घोळ. मग काही दिवसांनी इनपुट बेअरिंग गुणगुणायला लागतं, क्लच दाबूनही गिअर कर्रकन पडतो, टॉप गिअर उडतो, हब तडकतो. मिस्त्री बेअरिंग बदलतो, प्लेट बदलतो, तेल बदलतो. पण इनपुट शाफ्टचं एक टोक क्रँकच्या पायलट बुशमध्ये (क्रँकच्या टोकातली, शाफ्ट धरणारी बुश) आणि दुसरं गिअरबॉक्समध्ये, आणि दोघांचं केंद्र वेगळं. तो बिचारा फेरीगणिक वाकतोय, बेअरिंग बदलून काय होणार?

केंद्र जुळतंय का ते डायल गेजने (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं मापक) मोजा. गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलला लावा. बेल हाउसिंगमध्ये गिअरबॉक्स ज्या गोल भोकात बसतो, त्याच्या आतल्या कडेला काटा टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. काटा एकूण ०.२० मिमी हलला तर केंद्र ०.१० मिमी सरकलंय. एकूण हालचाल पाच थाऊच्या, म्हणजे साधारण ०.१३ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर बोल्ट जरा सैल करून हाउसिंग ठोकत जागेवर आणा, आवळा, पुन्हा मोजा, आणि मगच प्लेट व हाउसिंगमधून एकत्र रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारून डॉवेल टाका. गिअरबॉक्सचं तोंड टेकतं त्या सपाट पृष्ठभागावरही काटा फिरवून तो तिरका नाही ना ते बघा. घाबरू नका, एकदा शिकलात की अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझं मत विचाराल तर दहा गॅरेजवाल्यांपेक्षा एक चांगला टर्नर गाठा. त्याला "चालतंय" हा शब्द सहन होत नाही.

प्लेटची जाडीही मोजूनच ठरवा. जाड झाली तर शाफ्टचं टोक पायलट बुशपर्यंत पोचत नाही. पातळ झाली तर टोक क्रँकला टेकतं आणि क्रँकला मागेपुढे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग खातं. गिअरबॉक्स हाताने ढकलून शेवटपर्यंत जात नसेल तर थांबा. बोल्ट आवळून त्याला ओढून घेऊ नका. कधीच नाही.

हे सगळं जमलं तरी गिअरिंगचा हिशेब राहतोच. जुन्या जीपच्या डिफरन्शियलला ४३ आणि ८ दात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे. टॉप गिअर थेट (इंजिनाचे फेरे तसेच पुढे), टायर ६.००-१६ धरला तर ताशी ८० किमीला इंजिन मिनिटाला सुमारे ३,१५० फेरे घेतं. मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन ४,००० फेऱ्यांना पूर्ण ताकद द्यायचं, त्याला हे चालून जायचं. डिझेल तिथे नुसतं ओरडतं. ४.२७ चा डिफरन्शियल टाकला तर त्याच वेगाला फेरे २,५०० वर येतात. मात्र फोर-व्हील असेल तर पुढचा-मागचा दोन्ही बदला, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) भांडेल.

इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेण्यात कमीपणा नाही. मग भांडण प्रॉपेलर शाफ्टच्या लांबीशी आणि ट्रान्सफर केसशी होतं, पण ते टेपने मोजता येतं.

आणि आरटीओला आधी विचारा, नंतर नव्हे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असल्या बदलांबद्दलच आहे, आणि इथे आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंधन, दोन्ही बदलतात.