घाटमाथ्यावरच्या जंगलवाटेवर सायकल उतरवताना

जंगलवाटेवर सायकल घसरली की आधी टायरमधली हवा तपासा. डांबरी रस्त्याच्या सवयीने टायर टणक भरला, तर तो मुरमावर पकड न घेता नुसता उड्या मारतो. चालकाचं वजन 70 किलोच्या आसपास आणि टायर 2.3 इंच रुंद आणि ट्यूबलेस असेल, तर पुढे 22 आणि मागे 25 पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे चार-पाच पीएसआय जास्त ठेवा. नाहीतर ती दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच बारीक भोक दिसलं तर काटा समजा, बहुधा बाभळीचा. टायरच्या आतून बोट जपून फिरवा आणि मोडलेलं टोक काढल्यावरच नवी ट्यूब घाला.

29 इंची चाकाच्या ट्यूबलेस टायरला साधारण 100 मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोकं आतून बुजवणारं द्रव, लागतं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून दिवाळीत भरलेल्या सीलंटवर मार्चमध्ये भरवसा नको.

उतार लागण्याआधी सीट पाच-सात सेंटीमीटर खाली घ्या. पेडलं समपातळीत, भार पायांवर, कोपरं सैल, प्रत्येक ब्रेकवर एकच बोट. वेग वळणाच्या आधी, सरळ वाटेवरच कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. थोडा वेळ नीट दाबा, मग सोडा. ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती) तापून जळका वास आला तर थांबा, पण डिस्कला हात लावू नका. ओली मुळं आणि पाण्याचे चर काटकोनात ओलांडा, तेही ब्रेक सोडून.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर जमीन सर्वात चांगली पकड देते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं पडतात, त्यांच्याखाली दगड दडतात आणि सुकी पानंही चाकाखालून सरकतात. तिथे निम्म्या वेगाने जा.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. समोरून गुरं किंवा डोक्यावर मोळी घेतलेलं कुणी आलं तर उतरून उताराच्या बाजूला उभे राहा. वरची बाजू त्यांची.

पावसाळ्यात चाक मातीत बोटभर रुतायला लागलं की तिथूनच परत फिरा. त्या चरातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी वाटेची घळ झालेली असते.