टीईटीचं इंग्रजी: शब्दांच्या जाती पक्क्या करण्याची तयारी

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही पास व्हावी लागेल, असा १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि टीईटी हा नुसता डीएड झालेल्या पोरापोरींचा विषय राहिला नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ बाकी असलेले गुरुजी आणि मॅडमही आता चोपड्यापासून नवापूरपर्यंत वह्या उघडून बसलेत. पेपर दीडशे गुणांचा, त्यात दुसरी भाषा म्हणून इंग्रजी घेतली तर तीस गुण तिचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून बरेच जण इंग्रजीत अंदाजाने गोळे काळे करतात. शब्दांच्या जातींचे प्रश्न मात्र अंदाजावर सोडण्यासारखे नाहीत. थोडी शिस्त लावली तर ते हातचे गुण आहेत.

आधी सामान. एक लांब वही घ्या आणि शब्दकोश असा घ्या, ज्यात प्रत्येक अर्थाआधी शब्दाची जात आणि खाली उदाहरणाचं वाक्य असेल. नुसता अर्थ देणारा खिशातला कोश या कामाला उपयोगी नाही. इंग्रजी वर्तमानपत्राचा एखादा जुना अंक असला तर उत्तम. गाइड सगळ्यात शेवटी, सरावाच्या प्रश्नांपुरतं.

आठ जातींची नावं मराठीतून तुम्हाला येतातच: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. संस्कृतचा प्राचीन अभ्यासक यास्क याने शब्दांचे चारच वर्ग केले होते, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठांची मांडणी मराठीत इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आली, त्यामुळे नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद अशा जोड्या अर्ध्या तासात जुळतात. यावर जास्त वेळ घालवू नका.

वेळ द्यायचा तो जिथे जोड्या सुटतात तिथे. पहिली जागा विकारी-अविकारीची, म्हणजे रूप बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या शब्दांची. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले आंबे असं विशेषण बदलतं. इंग्रजीत गुड तिन्ही ठिकाणी गुडच राहतं, बदलतं ते तुलनेपुरतं, बेटर आणि बेस्ट. उलट फास्ट हे क्रियाविशेषण असतानाही फास्टर होतं. म्हणून मराठीची विकारी-अविकारी यादी इंग्रजीवर चिकटवू नका. तिथे दोन गट करा. नाम, क्रियापद, विशेषण आणि क्रियाविशेषण यांत रोज नव्या शब्दांची भर पडते, तो उघडा गट. सर्वनाम, प्रिपोझिशन (शब्दयोगी), कंजंक्शन (उभयान्वयी) आणि आर्टिकल (ए, ॲन, द) यांत सहसा नवीन कोणी येत नाही, तो बंद गट. बंद गटाची यादी हाताने लिहून काढा. ती एवढी छोटी आहे की दोन-चार बैठकांत पाठ होते.

दुसरी जागा प्रिपोझिशनची. आपलं शब्दयोगी अव्यय नामानंतर येतं आणि त्याला चिकटून बसतं: झाडाखाली, घरापुढे. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडी तर ‘माले’ (मला) एवढ्यातच काम भागतं. इंग्रजीत त्याचेच टू आणि मी असे दोन सुटे शब्द होतात, दोघांच्या जाती वेगळ्या, आणि टू आधी उभा. वाक्यात जात विचारली की त्या शब्दापुढे नाम किंवा सर्वनाम आहे का, ते आधी बघा. आफ्टर लंच यात आफ्टर प्रिपोझिशन. आफ्टर ही लेफ्ट यात पुढे कर्ता-क्रियापदासह अख्खं उपवाक्य आहे, म्हणून तोच शब्द कंजंक्शन. बिफोर आणि सिन्स यांनाही हीच कसोटी लावा.

इथेच सगळ्या तयारीचं मूळ आहे. सुट्या शब्दाची जात विचारणाऱ्याला ‘वाक्य सांगा’ एवढंच उत्तर द्यायचं. राऊंड टेबलमधलं राऊंड विशेषण, सेकंड राऊंडमधलं नाम, कोपरा वळून जाण्याच्या अर्थी क्रियापद, टर्न राऊंडमध्ये क्रियाविशेषण आणि राऊंड द फील्डमध्ये प्रिपोझिशन. एकच गडी मंडईत हमाल, रात्री वॉचमन आणि लग्नात वाढपी असतो, तसं. वहीचं एक पान राऊंडला द्या, एक दॅटला, एक वेलला. दॅटचं पान भरायला वेळ लागेल, पण सगळ्यात कामाचं तेच ठरेल.

शेपटं बघून जात ओळखायची सवय चांगली आहे: नेस, मेंट, शन आलं की बहुधा नाम, फुल आणि लेस आलं की विशेषण. ली मात्र दगा देतं. फ्रेंडली, लव्हली, कावर्डली ही विशेषणं आहेत. हार्डचं क्रियाविशेषण हार्डच. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. आयएनजीचं शेपूटही तसंच फसवं. स्विमिंग कर्त्याच्या जागी बसलं तर नामाचं काम करतं, त्याला जेरंड म्हणतात. इज स्विमिंगमध्ये ते क्रियापदाचा भाग असतं.

नामाचे प्रकार करताना उदाहरणं गावातलीच घ्या. जळगाव विशेषनाम, बनाना मोजता येणारं सामान्यनाम, कॉटन पदार्थवाचक, केळीच्या घडासाठीचा बंच समूहवाचक. मग न मोजता येणाऱ्यांची वेगळी यादी करा: ॲडव्हाइस, फर्निचर, इन्फर्मेशन, न्यूज. न्यूजच्या शेवटी एस दिसतो, तरी क्रियापद एकवचनीच लागतं. यादी रावेर-यावलच्या बागेत बसून केली तरी चालेल, पण ॲडव्हाइसेस कुठेही लिहू नका.

आर्टिकल आणि धिस, माय, सम यांना जुनी पुस्तकं विशेषणांत घालतात, नवी पुस्तकं डिटरमिनर असा वेगळा वर्ग करतात. यावर वाद घालत बसू नका, पर्यायांत काय दिलंय ते बघून उत्तर द्या.

शब्द कोणत्या भाषेतून आला, यावर माझा जीव आहे. इंग्रजीतला मंगूस आपल्या मुंगसावरूनच गेलाय, आणि लूट, जंगल हेही आपल्याकडूनच. पण टीईटीसाठी हा भाग एका संध्याकाळपुरता ठेवा. शब्द कसे घडतात तेही त्याच संध्याकाळी उरका: स्मोक आणि फॉग मिळून स्मॉग, टेलिफोन छाटून फोन.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, प्रत्येक शब्दाखाली जात लिहा आणि अडलं तिथेच कोश उघडा. घरी कापसाची वेचणी चालू असेल तर हे काम पहाटे करून घ्या.