जुन्या गाड्यांच्या रॅलीत नवीन येताय? बेळगाव-निपाणी-खानापूरवाल्यांनी जरूर वाचा

आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपात हल्ली नवीन पोरं यायला लागलीत, बरं वाटतं. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, दादा फियाट घेऊ की अँबॅसडर? अरे बाबांनो, आधी काहीच घेऊ नका. एक सीझन कुणाच्या तरी शेजारी बसून नेव्हिगेटर, म्हणजे रस्ता आणि वेळ सांभाळणारा, व्हा, पेट्रोल अर्धं द्या, खूप स्वस्तात शिकाल.

आपल्याकडच्या रॅलीत पहिला पोचतो तो जिंकत नाही, ठरवून दिलेल्या सरासरी वेगानं वेळेवर पोचायचं असतं, लवकर गेलात तरी पेनल्टी आणि उशीर झाला तरी पेनल्टी, हे माहीत असेलच. पण हिशोब कधी हातानं करून बघितलाय का? ताशी ३६ किलोमीटरची सरासरी म्हणजे मिनिटाला ६०० मीटर. मूळच्या टायरऐवजी कुणी भलत्याच साईजचे रेडियल टायर घातले असतील आणि गाडीचा किलोमीटर मोजणारा मीटर १०० ला ३ नं चुकत असेल, तर २० किलोमीटरवर ६०० मीटरचा फरक, म्हणजे अख्खा एक मिनिट गेला. हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर मीटर तपासायची सवय लावा, स्पीडचं खूळ आपोआप उतरतं.

आता मुद्द्याचं, ज्यात मी अजून अडकलोय. इंजिन नंबर. मी कोल्हापूरकडून अँबॅसडर घेतली, विकणारा म्हणाला पेपर एकदम क्लिअर, आरसी दाखवली, चेसिस नंबर जुळला, आणि विषय संपला असं वाटलं. नंतर मेस्त्रीनं रॉकेल लावून, तारेच्या ब्रशनं इंजिनच्या ब्लॉकवरची वर्षानुवर्षांची काजळी घासली तर आतला नंबर निराळाच. एके काळी टॅक्सी आणि वडापच्या (शेअर भाड्याच्या) गाड्या डिझेल करून घ्यायची इकडं रीतच होती, माझ्या गाडीचंही तसंच झालेलं, आणि विकायच्या आधी कुणीतरी दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणून बसवलेलं. आरसीवर कशाचीच नोंद नाही. इंजिन बदललं की आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यावं लागतं, त्याला ते इंजिन कुठून आलं याचं बिल लागतं, आणि ते बिल आता कुणाकडं मागू?

बाकीच्यांपेक्षा आपल्या सीमाभागात हे जास्त नडतं, कारण गाडी कोल्हापूरची आणि ठेवायची बेळगावात. एका राज्याची गाडी वर्षाच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिकडची एनओसी (ना हरकत दाखला) आणून इकडचा नंबर घ्यावा लागतो, वर इकडचा टॅक्स. म्हणजे एकच फाईल दोन राज्यांच्या खिडक्यांवर फिरते. विंटेजचं रजिस्ट्रेशन करू म्हणाल तर २०२१ च्या नियमानं गाडीला पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं व्हायला हवीत, ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नको. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. आधीचा जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, पाटीवर जीव असणाऱ्यांनी काळजी करू नये. डिझेल केलेली गाडी विंटेजमध्ये घालून देतो म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. एजंट मला आवडतच नाहीत, हे उघड सांगतो.

म्हणून टोकन द्यायच्या आधी कागद नंबरावर धरून पेन्सिल घासा आणि छाप घ्या, चेसिसचा आणि इंजिनचा पण. फोटोवर जाऊ नका, फोटोत ३ आणि ८ सारखेच दिसतात.

मेस्त्री म्हातारा बघा. तो शिकवणार नाही, प्रश्न विचारले की चिडेल, पण शेजारी उभं राहू देईल, तेवढं पुष्कळ झालं. व्हिडिओ बघून कार्बोरेटर खोलणाऱ्यांनी बिघडवलेले जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे भाग) आम्ही डब्यात जमा केलेत. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून रडू नका, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नमुना घेऊन जा, बुश-पिन टर्नर करून देतो, या बाबतीत आपण पुण्या-मुंबईवाल्यांपेक्षा नशीबवान.

पेट्रोलचं तेवढं बघा. पंपावर आता ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुने रबरी पाईप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा खातं. इथेनॉल उसाचं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला ऊस आपल्याच गाडीच्या मुळावर, काय बोलायचं! इथेनॉलला टिकणारे पाईप आधीच घालून घ्या. उन्हाळ्यात निपाणीजवळचा तवंदी घाट चढताना गाडी फुसफुसायला लागली तर सेल्फ मारत बसू नका, बॉनेट उघडून गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका आणि दहा मिनिटं सावलीत बसा.

आणि जे आधीच माझ्यासारखी नंबर न जुळणारी गाडी घेऊन बसलेत त्यांनी घाबरून भंगारात घालू नका. विकणाऱ्याकडून लेखी घ्या, जुन्या मालकाचा माग काढा, तोवर गाडी आठवड्यातून एकदा चालू करा, एरवी बॅटरी काढून ठेवा. माझी शेडमध्येच उभी आहे, मी मात्र दर रॅलीला जातो, दुसऱ्याच्या फियाटमध्ये डाव्या सीटवर, मांडीवर चार्ट घेऊन. यायचं असेल तर सांगा, नेव्हिगेटर नेहमीच कमी पडतात.